पाण्याच्या नळ्या आणि त्यांचे सांधे

गोवळकोंड्याचा किल्ला पाहावयास जाणारा प्रवासी प्रवेशद्वाराच्या घुमटाखाली उभा राहून टाळी वाजवितो, तिचा आवाज वर बालाहिसारापर्यंत कसा पोचतो याचे कौतुक करतो आणि पायऱ्या चढू लागतो. वाटेत पडक्या भिंतींच्या पोटातून डोकावणाऱ्या भाजलेल्या मातीच्या नळ्यांकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः किल्ल्याचा खरा प्राण त्या नळ्यांत होता. तळाच्या हौदांतील पाणी रहाटांच्या साहाय्याने एकेक टप्पा वर चढवावयाचे आणि मातीच्या नळ्यांतून ते महालांत, हमामांत व बागांत खेळवावयाचे, अशी ती योजना होती. या नळ्या हातभर लांबीच्या तुकड्यांच्या आहेत. एका तुकड्याचे निमुळते तोंड दुसऱ्याच्या रुंद तोंडात बसवून त्यांची ओळ केलेली असे आणि प्रत्येक सांधा चुन्याने लिंपलेला असे. तुकडा कुंभाराच्या हाती तयार होई. परंतु पाणी वर पोचावयाचे की वाटेतच झिरपून जावयाचे, हे ठरत असे सांधा लिंपणाऱ्या गवंड्याच्या हाती.

औरंगाबादची नहर पाहिली म्हणजे हीच गोष्ट अधिक स्पष्ट होते. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मलिक अंबराने डोंगरातील झऱ्यांचे पाणी भूमिगत मार्गाने आणि खापरी नळांनी आपल्या नव्या नगरीत आणले. वाटेत ठिकठिकाणी दगडी मनोरे उभारून पाण्याचा दाब व त्यात कोंडलेली हवा मोकळी करण्याची सोय त्या नहरीच्या योजनेत होती. दाब फार वाढला तर नळ फुटण्यापूर्वी सांधा सुटतो, हे त्या कारागिरांस पक्के ठाऊक होते. तीनशे-चारशे वर्षांपूर्वी जी गोष्ट खापराच्या नळीस लागू होती, तीच पुढे बिडाच्या, लोखंडाच्या आणि सिमेंटच्या नळीसही लागू राहिली. नळीचे दुखणे तिच्या अंगात क्वचित असते. ते बहुतकरून तिच्या सांध्यात असते. लवचिक प्लॅस्टिकच्या नळीचा विचार करावयाचा तो याच दृष्टीने केला पाहिजे. ती स्वस्त आहे किंवा हलकी आहे, हे तिचे गुण खरे. पण तिचा मुख्य गुण असा की ती सांध्यांची संख्या कमी करते.

हैदराबाद शहराने पाण्यासाठी केलेले परिश्रम लहान नाहीत. १५९१ साली हे शहर वसले त्यापूर्वीच, सोळाव्या शतकाच्या मध्यात, हुसेनसागर बांधला गेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मीर आलम तलावाचा बांध उभा राहिला. ओळीने मांडलेल्या एकवीस कमानींचा तो बांध आजही स्थापत्यशास्त्राच्या अभ्यासकांस खेचून आणतो. पुढे १९०८ च्या सप्टेंबर महिन्यात मुसी नदीस महापूर आला. हजारो माणसे दगावली, वस्त्याच्या वस्त्या वाहून गेल्या. त्यानंतर विश्वेश्वरय्यांचा सल्ला घेण्यात आला आणि पुराचा आवर व पिण्याचे पाणी ही दोन्ही कामे एकाच धरणाने साधण्याची कल्पना प्रत्यक्षात आली. मुसीवरील उस्मानसागर १९२० साली पुरा झाला. ईसी नदीवरील हिमायतसागर १९२७ साली. शहर वाढत गेले तसे हे दोन्ही जलाशय अपुरे पडू लागले. १९६५ साली मांजरेचे पाणी आले, २००४ साली कृष्णेचे आणि २०१५ साली गोदावरीचे.

मराठी माणसास येथे एक गोष्ट सहज जाणवेल. मांजरा बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, कृष्णा महाबळेश्वरी आणि गोदावरी त्र्यंबकेश्वरी. सुलतान बाजार, काचिगुडा, गौळीगुडा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या घागरीत आज जे पाणी पडते, त्यातील पुष्कळसे सह्याद्रीचे व बालाघाटचे स्मरण घेऊन आलेले असते. कृष्णेचे पाणी शंभर किलोमीटरांहून अधिक, तर गोदावरीचे दीडशे किलोमीटरांहून अधिक अंतरावरून, प्रचंड पंपांनी चढणीवर ढकलीत आणावे लागते. वाटेत ते निवळविले जाते, गाळले जाते, त्यात क्लोरीन मिसळला जातो. एवढ्या सायासाने आणलेले शुद्ध पाणी गल्लीच्या तोंडाशी येते. आणि तेथून घराच्या मोरीपर्यंतच्या शेवटच्या वीस-पंचवीस हातांत त्याचा घात होण्याचा संभव असतो.

हा घात कसा होतो, हे समजून घेण्यासाठी गल्लीतील घरजोडणी डोळ्यांपुढे आणली पाहिजे. रस्त्याखालील मोठ्या वाहिनीस एक भोक पाडून त्यात पितळेची फेरूल बसवितात. तेथून जस्ताचा मुलामा दिलेली अर्ध्या किंवा पाऊण इंचाची लोखंडी नळी निघते. ही नळी सरळ असते, ताठ असते आणि सहा मीटरांच्या आसपासच्या तुकड्यांत मिळते. गल्ली मात्र सरळ नसते. फेरूलपाशी एक कोपर, खडक आडवा आला की दुसरा, गटार ओलांडावयाचे तर आणखी दोन, भिंतीपाशी एक, मीटरापाशी एक. मध्ये तुकड्यास तुकडा जोडण्यासाठी सॉकेट, उघडझाक करण्यासाठी युनियन. अशा रीतीने वीस मीटरांच्या जोडणीत आठ-दहा जोडतुकडे सहज बसतात, आणि प्रत्येक जोडतुकड्याच्या दोन्ही अंगांस नळीवर आटे पाडावे लागतात. आटे पाडताना डायच्या दातांनी जस्ताचा मुलामा खरवडून निघतो. ज्या ठिकाणी नळी सर्वांत पातळ झाली, नेमके त्याच ठिकाणी तिचे कवच नाहीसे होते. वरून सफेदा आणि धागा गुंडाळून सांधा आवळला जातो. परंतु ओलसर, सांडपाण्याने भिजलेल्या मातीत गंज आपले काम तेथूनच सुरू करतो.

गळती लागली म्हणजे पाणी वाया जाते, एवढेच सामान्यतः लोकांच्या ध्यानात येते. त्याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. ज्या भोकातून पाणी बाहेर जाऊ शकते, त्याच भोकातून घाण आत येऊ शकते. नळीत दाब असेतोवर पाण्याचा ओघ आतून बाहेर असतो आणि गळका सांधाही एक प्रकारे सुरक्षित असतो. पण हिंदुस्थानातील बहुतेक शहरांप्रमाणे हैदराबादच्या पुष्कळ भागांत पाणी चोवीस तास येत नाही. ते काही तास येते, अनेक ठिकाणी एकाआड एक दिवस येते. पाणी बंद झाले की सखल भागातील नळ वाहिनीतील उरलेसुरले पाणी ओढून घेतात, उंचावरील नळ्या रिकाम्या होतात आणि त्यांत पोकळी निर्माण होते. त्यातच कोणी अधीर गृहस्थ आपल्या जोडणीवर थेट मोटार बसवून पाणी खेचू लागला, तर ही पोकळी आणखी तीव्र होते. मग शेजारच्या गटारातील पाणी गंजक्या सांध्यातून आत शोषले जाते. दुसऱ्या दिवशी तोटी सोडताच पहिल्या धारेबरोबर ते घरात येते.

ही केवळ कल्पनेतील भीती नव्हे. २००९ च्या मे महिन्यात हैदराबादेतील भोलकपूर वस्तीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले. अतिसाराची साथ पसरली, शेकडो लोकांस रुग्णालयांत न्यावे लागले आणि अनेकांना प्राण गमवावे लागले. ज्या पाण्यासाठी नद्या अडविल्या, डोंगर पोखरले आणि कोट्यवधी रुपये वेचले, त्या पाण्याने माणसे मरावीत आणि तीही स्वतःच्या घरात, यासारखा दैवदुर्विलास नाही. सांध्याचा प्रश्न हा केवळ नळकारागिराच्या पिशवीतला प्रश्न नाही, तो जीवनमरणाचा प्रश्न आहे, हे अशा प्रसंगी कळून येते.

सांधे कमी करावयाचे तर नळी लांब हवी आणि ती वाकावयास हवी, ही गोष्ट रोमन लोकांसही समजली होती. त्यांनी शिशाच्या नळ्या वापरल्या. शिसे मऊ असते, हाताने वळते, हवे तेथे वाकते. लॅटिन भाषेत शिशास ‘प्लुंबुम’ म्हणत. इंग्रजीतला आणि आता मराठीत रुळलेला ‘प्लंबर’ हा शब्द त्यावरूनच आला. शिशाच्या या सोयीस्कर गुणामुळे युरोप-अमेरिकेतील घरांत विसाव्या शतकापर्यंत शिशाच्या नळ्या बसत राहिल्या. पण शिसे विषारी आहे. पाण्याचा गुणधर्म थोडा बदलला तरी ते नळीतून विरघळते आणि मुलांच्या मेंदूवर कायमचा परिणाम करते. २०१४ साली अमेरिकेतील फ्लिंट या शहराने पाण्याचा उगम बदलला, जुन्या नळ्यांतील शिसे पाण्यात उतरले आणि साऱ्या देशात हाहाकार उडाला. तात्पर्य, वाकणारी नळी माणसास दोन हजार वर्षांपूर्वीच सापडली होती. निर्विष अशी वाकणारी नळी मात्र त्याला विसाव्या शतकात मिळाली.

ती मिळाली तीही अपघाताने. १९३३ साली इंग्लंडमधील विनिंग्टन येथील प्रयोगशाळेत गिब्सन व फॉसेट हे दोघे रसायनशास्त्रज्ञ इथिलीन वायू प्रचंड दाबाखाली ठेवून एक निराळीच प्रक्रिया घडवून आणण्याच्या प्रयत्नात होते. प्रयोग फसला, पात्राच्या तळाशी मात्र मेणासारखा पांढरा पदार्थ राहिला. हेच पॉलिथिन. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या तारांवर वेष्टन म्हणून त्याचा उपयोग झाला. १९५३ साली जर्मनीतील कार्ल झिग्लर याने साध्या दाबाखाली अधिक घट्ट व बळकट पॉलिथिन तयार करण्याची रीत शोधून काढली, आणि त्यानंतर पाण्याच्या नळ्यांसाठी हा पदार्थ खऱ्या अर्थाने उपयोगी ठरला. आज घरजोडणीसाठी मध्यम घनतेचे आणि रस्त्याखालील वाहिन्यांसाठी उच्च घनतेचे पॉलिथिन वापरले जाते. काळ्या नळीत मिसळलेली दोन-अडीच टक्के काजळी उन्हापासून तिचे रक्षण करते. निळ्या नळीत ती नसते. म्हणून निळी नळी जमिनीखालीच असावी.

या नळीचे भेंडोळे शंभर मीटरांचे मिळते. मघाच्या गल्लीत हे भेंडोळे उलगडले तर काय होते, ते पाहावे. फेरूलपाशी एक सांधा, मीटरापाशी दुसरा. मधली वीस मीटरांची वाट नळी एकसंध चालून जाते. खडक आडवा आला तर त्याला वळसा घालते. कोपराची गरज पडत नाही. व्यासाच्या सुमारे पंचवीस पट त्रिज्येचा बाक तिला सहज सोसतो, म्हणजे वीस मिलिमीटर व्यासाची नळी अर्ध्या मीटरच्या त्रिज्येत निर्धास्तपणे वळते. जेथे आठ-दहा जोडतुकडे होते, तेथे दोन सांधे उरले. घाण आत शिरण्याचे दरवाजे तितक्या प्रमाणात बंद झाले. त्यातही ही नळी गंजत नाही. तिला आटे पाडावे लागत नाहीत. आणि लहान व्यासाच्या नळीस पिळून बसणारे दाबजोड, तर मोठ्या वाहिनीस उष्णतेने वितळवून एकजीव केलेला सांधा, अशी तिची जोडणी असते. वितळवून नीट केलेला सांधा हा वस्तुतः सांधा राहतच नाही. दोन तुकड्यांची मिळून एकच नळी होते.

हैदराबादच्या भूमीचा विचार केला तर या लवचिकपणाचे मोल अधिकच वाढते. हे शहर ग्रॅनाइटच्या खडकावर वसलेले आहे. बंजारा हिल्सच्या बाजूस तर घरांच्या अंगणांत प्रचंड शिळा उभ्या दिसतात. अशा जमिनीत सरळ चर खणणे म्हणजे सुरुंग आणि घण यांचे काम. वळणारी नळी शिळांच्या मधून वाट काढते आणि खोदकाम वाचते. पॉलिथिन पाण्याहूनही किंचित हलके असते, लोखंडाच्या मानाने त्याचे वजन सुमारे एक-अष्टमांश. शंभर मीटरांचे लहान भेंडोळे एकटा मनुष्य खांद्यावरून नेतो. मात्र खडकाळ भूमीत एक पथ्य पाळलेच पाहिजे. नळीखाली व नळीवर बारीक वाळूचा थर हवा. अणकुचीदार दगडाचे टोक वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी रुतत राहिले तर ही नळीही तेथे चिरते.

दुसरा लाभ पाण्याच्या ओघाचा. हैदराबादेत पुष्कळ घरांत नळाच्या जोडीला कूपनलिकेचे जड पाणी वापरात आहे. लोखंडी नळीत अशा पाण्याचे क्षार व गंजाची पुटे साचत जातात आणि तिचे तोंड हळूहळू आकसते. येथे पाण्याचे गणित मोठे निष्ठुर आहे. नळीचा आतला व्यास निम्मा झाला तर पाणी निम्मे होत नाही. तेवढ्याच दाबाखाली ते सुमारे एक-षष्ठांशावर येते. वरच्या मजल्यावरील नळास धार नाही म्हणून मोठी टाकी किंवा मोठी मोटार घेणाऱ्या गृहस्थाचा शत्रू पुष्कळदा भिंतीतल्या गंजलेल्या नळीत दडलेला असतो. प्लॅस्टिकच्या नळीची आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत असते आणि बहुतांशी तशीच राहते. शिवाय तोटी एकदम बंद केली असता ताठ नळीत जो धाडकन धक्का बसतो, तोही येथे सौम्य होतो. धातूच्या नळीत हा दाबाचा तरंग सेकंदास हजार मीटरांहून अधिक वेगाने धावतो. पॉलिथिनमध्ये त्याचा वेग पुष्कळच कमी असतो, कारण नळी स्वतः किंचित फुगून धक्का गिळून टाकते. सांध्यांचे आयुष्य त्यामुळे वाढते.

घराच्या आतील नळकामाचा प्रश्न थोडा निराळा आहे. तेथे गरम पाणीही खेळवावे लागते, आणि साधे पॉलिथिन गरम पाण्यास योग्य नाही. उष्णतेने त्याचे बळ घटते. या अडचणीवर १९६८ साली जर्मनीतील थॉमस एंगेल याने तोड काढली. पॉलिथिनच्या लांबच लांब रेणूंना आडव्या दुव्यांनी एकमेकांशी बांधून टाकण्याची रीत त्याने शोधली. सुटे धागे आणि विणलेले वस्त्र यांत जो फरक, तोच या दोन पॉलिथिनांत म्हणता येईल. अशी नळी गीझरचे पाणी सोसते आणि तरीही वळते. दोन प्लॅस्टिकच्या थरांत ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेली नळीही मिळते. ती एकदा वाकविली की त्याच आकारात राहते. हैदराबादच्या नव्या इमारतींत आज सर्रास दिसणारी फिकट पिवळसर रंगाची सी.पी.व्ही.सी. नळी गरम पाण्यास चांगली असते, परंतु ती ताठ असते. तिला कोपर व सॉकेट लागतातच आणि प्रत्येक सांधा विशिष्ट सिमेंटने चिकटवावा लागतो.

वळणाऱ्या नळीने घरातील रचनाच बदलता येते. एका ठिकाणी वाटणीचा जाड तुकडा, ज्यास मॅनिफोल्ड म्हणतात, तो बसवावा आणि तेथून प्रत्येक तोटीस स्वतंत्र, सलग नळी न्यावी. मग भिंतीच्या आत एकही सांधा उरत नाही. सारे सांधे डोळ्यांसमोर राहतात. स्नानगृहाच्या फरशीखाली गळती लागली म्हणून खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल आली, भिंत फोडली, नव्या फरशा बसविल्या आणि गळती भलतीकडेच निघाली, हा अनुभव सदनिकांत राहणाऱ्यांस नवा नाही. भिंतीत पुरलेला सांधा म्हणजे न दिसणारे ऋण. व्याज चढत असते आणि मागणी केव्हा येईल ते सांगता येत नाही.

एवढे गुण सांगितल्यावर दोष न सांगणे हे अर्धसत्य ठरेल. पहिला दोष उष्णतेचा. पॉलिथिन लोखंडाच्या दहापटीहून अधिक प्रसरण पावते. हैदराबादेत मे महिन्यात पारा चाळीस अंशांवर जातो आणि गच्चीवरील काळी नळी त्याहून कितीतरी तापते. तापमानात तीस अंशांचा फरक पडला तर दहा मीटरांची नळी चार ते सहा सेंटिमीटर लांबते. तिला तशी सैल जागा ठेवली नाही तर ती सापासारखी वळवळते आणि टोकाचे सांधे ओढून काढते. जमिनीखाली तिला हा त्रास नसतो. म्हणून तिचे खरे स्थान जमिनीखाली किंवा भिंतीच्या आड. दुसरा दोष असा की पेट्रोल व तत्सम द्रव्ये पॉलिथिनच्या अंगातून हळूहळू झिरपून पाण्यात उतरू शकतात. पेट्रोलपंपाजवळ किंवा रसायनांनी दूषित झालेल्या कारखान्यांच्या जमिनीतून नळी न्यावयाची तर धातूचीच नळी घेणे शहाणपणाचे. तिसरा दोष उंदीर-घुशींचा. मऊ नळी त्या कुरतडतात. अग्निशमनाच्या नळकामास तर साधी प्लॅस्टिकची नळी मुळीच चालत नाही.

याशिवाय प्लॅस्टिक हे एका पदार्थाचे नाव नसून मोठ्या कुळाचे नाव आहे, आणि कुळातील प्रत्येक जण विश्वासाचा असतोच असे नाही. अमेरिकेत १९७८ ते १९९५ या काळात पॉलिब्युटिलीन नावाच्या लवचिक नळ्या लाखो घरांत बसविण्यात आल्या. त्याही स्वस्त, त्याही वाकणाऱ्या. परंतु पाण्यातील क्लोरीनने त्या व त्यांचे जोडतुकडे आतून ठिसूळ झाले, घरोघर गळती सुरू झाली, आणि अखेर १९९५ साली न्यायालयीन तडजोडीत ९५ कोटी डॉलरांची तरतूद करावी लागली. ताठ पी.व्ही.सी.च्या नळ्यांत टिकाऊपणासाठी शिशाचे क्षार घालण्याची प्रथा होती. तिला आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने २०२१ साली नियम केले. ज्या विषापासून सुटका करून घेण्यासाठी शिशाच्या नळ्या सोडल्या, तेच विष मागील दाराने परत येऊ नये, हा त्या नियमांचा हेतू. म्हणून नळीवर भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला आहे की नाही, हे पाहूनच ती घ्यावी. पॉलिथिनच्या पाण्याच्या नळीस तो ४९८४, सी.पी.व्ही.सी.स १५७७८, ॲल्युमिनियमच्या थराच्या नळीस १५४५०. भंगार प्लॅस्टिक पुन्हा वितळवून केलेली बिनछापाची नळी दिसावयास तशीच असते, किंमत कमी असते. आणि तिच्यातून मुलेबाळे पाणी पिणार असतात.

तथापि सर्वांत मोठा दोष नळीचा नाही, हाताचा आहे. लोखंडी नळकामात मुरलेला कारागीर नवी नळी हाती आली तरी जुन्याच सवयीने वागतो. वाकवावयाची म्हणून कागद पेटवून तो नळी शेकतो. तिचे बळ तेथेच संपते. करवतीने वाकडी कापतो, कडेची कुसे साफ करीत नाही, दाबजोडात नळी पुरती शिरली की नाही हे पाहत नाही. खूण करून, चौकोनी कापून, आतपर्यंत ढकलून आणि मग आवळून केलेला सांधा आणि घाईने उरकलेला सांधा यांत त्या दिवशी काहीच फरक दिसत नाही. दोन्ही कोरडेच असतात. फरक दोन पावसाळ्यांनी दिसतो. सांधे दोनच उरले याचा अर्थ त्या दोन सांध्यांवर सारी भिस्त आली, हे विसरून चालत नाही. जुन्या कारागिरांस नव्या कामाचे शिक्षण देणे, आणि त्यांच्या कौशल्यास योग्य दाम देणे, हा नळीच्या किमतीचाच एक भाग समजला पाहिजे.

महाराष्ट्रात या दिशेने काही प्रयत्न झाले आहेत. सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या मलकापूर या लहान गावाने २००९ च्या सुमारास चोवीस तास पाण्याची योजना अमलात आणली. नागपूर शहरानेही तोच मार्ग धरला, आणि जुन्या लोखंडी घरजोडण्यांच्या जागी पॉलिथिनच्या नळ्या बसविणे हा त्या कामाचा महत्त्वाचा भाग होता. या उदाहरणांतून एक बोध घेण्यासारखा आहे. नुसती नळी बदलून भागत नाही. नळीत सदैव दाब राहिला पाहिजे. आणि सदैव दाब ठेवावयाचा तर गळके सांधे आधी गेले पाहिजेत, नाही तर जलाशयच रस्त्यात रिकामा होईल. चोवीस तास पाणी आणि सांधे नसलेली नळी, ही दोन्ही एकमेकांच्या आधाराने उभी राहतात.

सामान्य गृहस्थास धरणे बांधता येत नाहीत, रस्त्याखालची वाहिनीही बदलता येत नाही. परंतु फेरूलपासून मोरीपर्यंतची वाट बहुधा त्याच्याच खर्चाने होते आणि तिच्याबाबत काही प्रश्न विचारणे त्याच्या हाती असते. नळी गटाराच्या आतून जाते की त्यापासून दूर? ती सलग आहे की तुकड्यांची? तिच्यावर मानकाचा छाप आहे काय? सांधे कोठे आहेत, आणि ते पाहता येतील अशा जागी आहेत काय? जोडणीवर थेट मोटार लावून तो स्वतःच तर गल्लीतील घाण ओढून घेत नाही ना? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर शंभर किलोमीटरांवरून आलेल्या पाण्याचा शेवटचा प्रवास निर्विघ्न झाला असे म्हणता येईल.

गोवळकोंड्याच्या भिंतीतील खापराच्या नळ्या आज कोरड्या आहेत. रहाट गेले, हौद आटले; पण कित्येक ठिकाणी दोन तुकड्यांच्या मधला चुना अद्याप घट्ट आहे. तो लिंपणाऱ्या गवंड्याचे नाव कोणास ठाऊक नाही. खापराच्या जागी बीड आले, बिडाच्या जागी लोखंड, लोखंडाच्या जागी आता लवचिक प्लॅस्टिक येत आहे. प्रत्येक नव्या द्रव्याने सांध्यांचा भार थोडा हलका केला, कोणत्याही द्रव्याने तो अजिबात नाहीसा केला नाही. जे दोन-चार सांधे उरतील, ते त्या अनामिक गवंड्याच्या इमानाने बसविले गेले, तरच दूर डोंगरातून आलेले पाणी शहराच्या घागरीत पाणी म्हणूनच पडेल.